राजा मिरासदार नावाचं इस्पितळ

तमिळ कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला तिरुविसनल्लूरला पहाटेपासून रांग लागते. कुंभकोणमपासून काही मैलांवर, कावेरीकाठचं हे गाव. एरवी दुपारी तिथं कुत्रं भुंकलं तरी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातं. त्या दिवशी मात्र श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ यांच्या मठातल्या विहिरीवर हजारो माणसं येतात. विहिरीतून शेंदलेलं पाणी डोक्यावर पडलं की गंगास्नान घडलं, अशी समजूत आहे.

गोष्ट अशी. सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर अय्यावाळ या गावात राहत होते. घरी श्राद्ध होतं. स्वयंपाक झाला होता, ब्राह्मण यायचे होते. एवढ्यात अस्पृश्य मानलेल्या जातीतला एक भुकेला माणूस परसदारी आला आणि अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला देऊन टाकलं. ब्राह्मण आले, त्यांना हे कळलं, त्यांनी जेवायचं नाकारलं. प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान करून या म्हणाले. काशीला जाऊन यायला तेव्हा कित्येक महिने लागत. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली, विहिरीला पूर आला आणि पाणी रस्त्यावर वाहू लागलं.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला सगळं कौतुक गंगेचं वाटायचं. आता वय झाल्यावर त्या भुकेल्या माणसाविषयी विचारावंसं वाटतं. तो जेवून कुठं गेला? गोष्ट त्याला जेवायला घालते आणि विसरून जाते.

आमचं घर कुंभकोणमचं, तंजावरी मराठी बोलणारं. मी नोकरीसाठी पुण्याला आलो आणि इथलाच झालो. इथं ओळख करून देताना दर वेळी थोडा इतिहास सांगावा लागतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, तंजावरचे राजे झाले आणि त्यांच्या वंशानं तिथं १८५५ पर्यंत गादी सांभाळली. तिरुविसनल्लूरचं दुसरं नाव शाहजीराजपुरम. एकोजींचे पुत्र शाहजी यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. त्यांच्यात वैयाकरण होते, कवी होते, वैद्यकाचे जाणकारही होते. हे सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, “म्हणजे तुम्ही घरी सांबार करता का?”

पण मला आज लिहायचं आहे ते एका इस्पितळाविषयी. माझी आई तंजावरच्या राजा मिरासदार इस्पितळात जन्मली. घरात ते नाव इतक्यांदा ऐकलं, की राजा मिरासदार हा कोणी एक माणूस असणार अशी माझी खात्री होती. पागोटं घातलेला, मिशा असलेला, उदार. पुण्यात आल्यावर द. मा. मिरासदारांची पुस्तकं हातात पडली, तेव्हा काही दिवस मी त्यांना त्या दात्याचे वंशज समजत होतो. पुढं कळलं, की या नावात माणूस नाहीच. ‘राजा’ म्हणजे तंजावरचा राजवाडा, आणि ‘मिरासदार’ म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातले वतनदार जमीनमालक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात या दोघांच्या देणग्यांतून ते उभं राहिलं. दोन देणगीदार एका पाटीवर आले आणि मधला ‘आणि’ गळून पडला.

इस्पितळाची गोष्ट मात्र त्या पाटीच्या बरीच आधी, स्वयंपाकघरात सुरू होते.

तमिळमध्ये ज्याला सत्तिरम म्हणतात ते आपलं सत्र, ज्याचं आपण मराठीत अन्नछत्र करून टाकलं. तंजावरच्या मराठी कारभारात त्याला छत्रच म्हणत. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेच्या वाटेवर भोसले घराण्यानं अशी छत्रं बांधली आणि बऱ्याच छत्रांना घराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. नीडामंगलमला यमुनांबाळ छत्र आहे. ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र आहे. ते दुसऱ्या सरफोजींनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबाळ या आपल्या प्रिय सखीच्या नावानं बांधलं. ती राणी नव्हती. तिचं नाव त्या गावाला मिळालं, मुक्तांबापुरम, ही गोष्ट मला नेहमी बरी वाटते.

सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानं, राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. अशा वेळी कोणता राजा काय वाचवायला बघतो, त्यावरून त्याचं मोल ठरवावं असं मला वाटतं. सरफोजींनी छत्रं वाचवायला बघितली. १८०१ च्या आरंभी त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिलं. ते इतिहासाच्या पुस्तकांत अनेकदा छापलं गेलं आहे. वरवर ते छत्रांच्या व्यवस्थेचं वर्णन आहे, आतून ती विनवणी आहे.

पत्रात काय आहे? ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणताही वाटसरू येवो, जोगी, जंगम, बैरागी कोणीही येवो, त्याला शिजवलेला भात मिळतो. जो शिजवलेलं खात नाही त्याला शिधा मिळतो. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा वाजवतात आणि जे जेवायचे राहिले असतील त्यांनी यावं असं पुकारतात. वाटसरू आजारी पडला आणि पुढं जाता येईना, तर बरा होईपर्यंत त्याला जागा, औषध आणि पथ्याचं अन्न. रोग, सूज, सापासारख्या प्राण्यांचं विष यांवर उपचार जाणणारे वैद्य छत्रात नेमलेले. तान्ह्या मुलांना दूध. वाटेत एखादी बाई बाळंत झाली, तर तिची आणि मुलाची देखभाल. कोणी मेला, तर त्याच्या जातीच्या रीतीनं अंत्यविधी. परक्या वाटसरूचं मूल पोरकं झालं, तर ते पंतोजीच्या हाती.

हे वाचताना मी ‘बाळंत’ या शब्दापाशी थांबलो, कारण त्याच काळातल्या इंग्लंडच्या इस्पितळांविषयी थोडं वाचलेलं होतं. विंचेस्टर या इंग्रजी शहरात १७३६ मध्ये परगण्यातलं पहिलं वर्गणीचं इस्पितळ निघालं आणि त्याचं बघून पुढं गावोगाव तशी निघाली. त्यांचा पैसा वर्गणीदारांचा. गरिबाला दाखल व्हायचं तर वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी लागायची. जितकी वर्गणी मोठी, तितके रोगी पाठवायचा हक्क मोठा. अशा इस्पितळांच्या नियमांत कोणाला घ्यायचं नाही याचीही यादी असे, आणि गरोदर बाया, लहान मुलं, साथीचे रोगी, बरे न होणारे रोगी ही मंडळी त्या यादीत हमखास सापडत. अपघात झालेल्याला तेवढी चिठ्ठी लागत नसे.

तुलना करून आपली पाठ थोपटायचा माझा हेतू नाही. विंचेस्टरला हाड बसवणारा शल्यवैद्य होता आणि रोगी किती आले, किती बरे झाले याचा हिशोब छापला जाई. आपल्या छत्रातला वैद्य किती माणसांना वाचवत होता, हे पत्र सांगत नाही. शिवाय राजानं परक्या अंमलदाराला लिहिलेलं पत्र. त्यात व्यवस्था जशी हवी तशी दिसते, जशी होती तशी दिसेलच असं नाही. भात सगळ्यांना मिळे, पण कोण कुठं बसे, कोणाच्या हातचं कोण खाई, हे त्या काळात वेगळं सांगावं लागत नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही चिठ्ठी मागितली जात नव्हती, एवढं त्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. रात्री दारात येऊन पुकारणारा माणूस आणि चिठ्ठी मागणारा माणूस, यांची घरं वेगळी.

सरफोजींची स्वतःची वैद्यकाची हौस हे आणखी एक प्रकरण. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्यानं त्यांना मुलासारखं शिकवलं होतं. त्याच्या थडग्यासाठी राजानं स्वतः इंग्रजीत कविता रचली. राजाला शरीररचना शिकायची होती, पण माणसाच्या हाडांना शिवायची पंचाईत. मग विलायतेहून हस्तिदंताचा सांगाडा मागवला गेला. तंजावरला आलेले पाहुणे राजाची विद्या बघून थक्क होत. बिशप हीबर १८२६ मध्ये आला, तेव्हा राजा लाव्वाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांच्यावर सहज बोलतो, हे त्यानं नोंदवून ठेवलं.

राजवाड्यातल्या धन्वंतरी महालात औषधं तयार होत. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. तिथं आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती अशा सगळ्या पद्धतींचे जाणकार होते. कसोटीला उतरलेले उपाय तमिळ पद्यात बांधून घेतले गेले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावानं सरस्वती महाल ग्रंथालयानं ते पुढं विषयवार खंडांत छापले. राजाचं खास लक्ष डोळ्यांवर होतं. त्यांच्या संग्रहातून मिळालेल्या हस्तलिखितांत डोळ्यांच्या रोग्यांचे कागद आहेत: रोगी कोण, तक्रार काय, काय केलं, पुढं कसं झालं. सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. लंडनचं मूरफील्ड्‌स इस्पितळ १८०५ चं आणि मद्रासचं नेत्ररुग्णालय १८१९ चं. त्याच पिढीत, राज्य नसलेला एक मराठी राजा तंजावरला मोतीबिंदूचे कागद लिहवून घेत होता.

ही चित्रं मी छापील पाहिली आहेत. एका मिटलेल्या, सुजलेल्या डोळ्याकडे बघताना मला मोह झाला तो राजाच्या पांडित्यावर चार वाक्यं लिहायचा. आमच्याकडे सरफोजींवर लिहिणारे बहुतेक याच मोहाला बळी पडतात आणि रोगी चित्रातच राहतो. मला विचारायचं होतं ते त्या रोग्याविषयी: तो महालात कोणत्या दारानं आला? कागदावर रोगाचं नाव मिळतं, दाराचं मिळत नाही.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. मुलगा शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारला आणि डलहौसीच्या कारकिर्दीत कंपनीनं गादीच खालसा केली. राजाची खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १८५९ मध्ये निकाल लागला, की हे राज्याचं कृत्य आहे, त्यावर कोर्टाला बोलता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी तो खटला अजून वाचतात. तंजावरच्या राणीचं नाव त्यांना कळतं ते असं, एका हरलेल्या दाव्याच्या मथळ्यात.

छत्रं मात्र बंद पडली नाहीत. त्यांच्या जमिनी होत्या, उत्पन्न होतं. ती आधी सरकारी देखरेखीखाली आणि पुढं स्थानिक मंडळांच्या कारभारात गेली. मद्रास इलाख्यात १८७१ आणि १८८४ च्या कायद्यांनी ही मंडळं उभी राहिली. रस्ते, शाळा, दवाखाने ही त्यांची कामं. म्हणजे राजाच्या सत्राची चूल, शाळेचा फळा आणि दवाखान्याची बाटली एकाच दप्तराच्या हिशोबात आली. याच काळात तंजावरला राजा मिरासदार इस्पितळ उभं राहिलं. मुंबईत याच्या आधी, १८४५ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीतून जे. जे. उभं राहिलं होतं. तिथं एका माणसाचं नाव लागलं. तंजावरला एका वर्गाचं लागलं.

त्या वर्गाविषयी बोललं पाहिजे. मराठीत ‘मिरासदार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं देशावरचा, वंशपरंपरेनं स्वतःची जमीन कसणारा कुणबी येतो. कावेरीच्या खोऱ्यातला मिरासदार बहुधा नांगराला हात लावत नसे. त्याची भातशेती पल्लर आणि परैयर जातींचे शेतमजूर करत, पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाड्याला बांधलेले. इस्पितळाच्या पाटीवर देणाऱ्यांचं नाव आलं. ज्यांच्या पाठीवरून ते धान्य घरात आलं त्यांचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. या वर्गातले कितीतरी लोक खरोखर दानशूर होते, हे मी नाकारत नाही. पण त्याच जिल्ह्यात, कीळवेण्मणीला, मजुरीच्या झगड्यात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित स्त्री-पुरुष-मुलांना एका झोपडीत जाळून मारलं गेलं. आरोपी मिरासदार वरिष्ठ न्यायालयात सुटले. ‘मिरासदार’ हा शब्द इस्पितळाच्या दारावर वाचताना ही तारीख मला वगळता येत नाही.

आणि छत्रांच्या दाराचं काय झालं? १८०१ च्या पत्रातलं ‘ब्राह्मणापासून परैयापर्यंत’ हे कलम पुढच्या शंभर वर्षांत झिजत गेलं. छत्रांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या वसतिगृहांत आणि तिरुवैयारच्या संस्कृत पाठशाळेत ब्राह्मण मुलांनाच जागा, असा शिरस्ता होऊन बसला होता. तो मोडायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावर जिल्हा मंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिरुवैयारच्या पाठशाळेत तमिळ आली आणि छत्रांची वसतिगृहं ब्राह्मणेतर मुलांना खुली झाली. आमच्या घरातल्या जुन्या पिढीला हा राजाच्या धर्मादायावरचा घाला वाटे. ते पत्र वाचल्यावर माझं मत उलटं झालं. राजानं लिहिलेलं कलम पाळायला जिल्ह्याला सव्वाशे वर्षं लागली, आणि पाळलं ते राजाच्या घराण्याशी काही नातं नसलेल्या माणसानं.

इंग्लंडमध्ये शिफारसचिठ्ठीची पद्धत एकोणिसाव्या शतकात ढिली होत गेली आणि ५ जुलै १९४८ रोजी बहुतेक सगळी इस्पितळं राष्ट्रीय सेवेत आली. आमच्याकडे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी तंजावरला वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि राजा मिरासदार त्याला जोडलं गेलं. आज तिथं मुख्यतः बाया आणि मुलं येतात. विंचेस्टरच्या जुन्या नियमात जी दाराबाहेर राहिली असती तीच.

गेल्या वर्षी आईला घेऊन तंजावरला गेलो. मोठ्या देवळात तिनं भिंतीवरचा लेख बघितला. सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. तिला देवनागरी वाचता येते, पण चार ओळींनंतर ती म्हणाली, “पाय दुखतायत, राहू दे. मला इस्पितळ दाखव.”

इस्पितळाच्या फाटकासमोर रिक्षा थांबवली. ती उतरली नाही. रिक्षातच बसून तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती.

आईचा जन्म ऐप्पसीतल्या पावसातला, १९४९ चा. आजीचं माहेर तंजावरचं. सुईणीच्या हाताला यश येईना म्हणून तिला इस्पितळात आणलं. सुटका झाली, पण आजी तिथलं काही तोंडात घेईना. पेज कोणाच्या हातची, हे ठाऊक नव्हतं म्हणून. माहेराहून डबा येत होता. मामा दोन वेळा चालत आणून द्यायचे. तिसऱ्या रात्री पाऊस असा लागला, की गल्ल्यांतून पाणी भरलं आणि डबा आला नाही. बरीच रात्र झाल्यावर वॉर्डातली आया पेजेचं भांडं घेऊन आली आणि कोण जेवायचं राहिलंय म्हणून खाटाखाटांवर विचारत फिरली. आजीनं हात पुढं केला. दोन वाडगे प्यायली. आयेला तिनं काही विचारलं नाही, आणि घरीही कुणाला सांगितलं नाही.

“मला सांगितलं ते थेट म्हातारपणी,” आई म्हणाली.

पुढच्या वर्षीच्या कार्तिगै अमावास्येला आजीनं हट्ट धरला, की तिरुविसनल्लूरला जायचं. घरच्यांना वाटलं, बाळंतपण सुखरूप झालं त्याचा नवस असेल. आजोबांनी बैलगाडी केली. पहाटेच्या अंधारात ती वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन विहिरीच्या रांगेत उभी राहिली. तिची पाळी जवळ आली, पुढची बाई भिजून बाहेर पडली.

तेव्हा आजी रांगेतून बाजूला झाली आणि कोरडीच परत गाडीत येऊन बसली. “का, ते तिनं मला सांगितलं नाही,” आई म्हणाली, आणि रिक्षावाल्याला तमिळमध्ये म्हणाली, “चला.”